बी.ए., डी.एड. नंतर कोडिंग? मोहाडीसारख्या गावातून डेव्हलपर व्हायचं तर

महिन्यातून दोन-तीनदा तरी व्हॉट्सॲपवर मला एकच प्रश्न येतो: "दादा, मी पण कोडिंग शिकू का?" विचारणारा कधी पोलीस भरती, तलाठी भरती करून करून कंटाळलेला असतो, कधी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलेला असतो, तर कधी बी.एस्सी. होऊन राइस मिलमध्ये हिशोब लिहीत असतो. याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी माझ्याबद्दल थोडक्यात सांगतो. मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीचा. भंडारा-तुमसर रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव, चौंडेश्वरी मातेच्या देवळामुळे आजूबाजूच्या गावांना माहीत असलेलं. बी.ए. झालो, डी.एड. झालो, शिक्षक भरतीची वाट बघितली आणि वाट बघता बघता सेवा केंद्रावर ऑपरेटर म्हणून बसलो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, स्कॉलरशिपचे फॉर्म, सातबारा. पाच वर्षं हेच काम केलं. आज मी नागपूरच्या एका छोट्या कंपनीत डेव्हलपर आहे. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोडची पहिली ओळ लिहिली त्या दिवसापासून डेव्हलपर म्हणून पहिला पगार हातात पडेपर्यंत मला दोन वर्षं चार महिने लागले. हा आकडा सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण तुम्ही यूट्यूब उघडलं की पहिली जाहिरात '९० दिवसांत डेव्हलपर बना' अशीच येते.

डेव्हलपर दिवसभर करतो काय?

सिनेमात काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं धावताना दाखवतात, तसं काही नसतं. तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी भरतीचा ऑनलाईन फॉर्म भरला असेल. फोटो अपलोड केला की लाल अक्षरात येतं, 'फोटोचा आकार २० ते ५० केबी असावा'. मग तुम्ही फोटो लहान करायचं ॲप शोधता, फोटो ५१ केबीचा होतो, परत लाल अक्षरं. तुम्हाला छळणारी ती ओळ कुणीतरी लिहिलेली असते. साध्या मराठीत तिचा अर्थ एवढाच: 'जर फाईल ५० केबीपेक्षा मोठी असेल, तर ही सूचना दाखव आणि थांब, नसेल, तर पुढे जाऊ दे.' यालाच प्रोग्रॅमिंगमध्ये अट म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं: हजार अर्ज आले तर हजारही अर्जांना तीच तपासणी लावायची. तिसरी म्हणजे माहिती कुठेतरी नीट साठवणं आणि हवी तेव्हा परत काढणं. अटी, पुनरावृत्ती आणि साठवण या तीन गोष्टींवर जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर उभं आहे. बाकी सगळा पसारा त्यांच्या भोवतीचा.

हे काम कॉम्प्युटरच्या आधीचं आहे, हे सांगितलं की पोरं हसतात. आमच्या तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. विदर्भातल्या करवतकाठी साडीला तर जीआय मानांकनही आहे. मागावर कोणता धागा वर, कोणता खाली, हे ओळीओळीने आधी ठरवावं लागतं. फ्रान्समध्ये १८०४-०५च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने हे ठरवण्याचं काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं: भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलली, माग तोच. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले. तेव्हा 'आमच्या खानदानात कुणी कॉम्प्युटरचं काम केलं नाही' असं एखाद्या कोष्ट्याच्या पोराने म्हटलं, तर मला ते पटत नाही.

असो. डेव्हलपरचा दिवस साधारण असा जातो. सकाळी कुणीतरी सांगतं की व्याजाचा रिपोर्ट चुकतोय. तो का चुकतोय हे शोधण्यात दोन तास जातात, दुरुस्ती दहा मिनिटांची असते आणि दुरुस्तीने दुसरं काही बिघडलं नाही ना, हे बघण्यात आणखी एक तास जातो. नवीन कोड लिहिणं दिवसातला छोटा भाग आहे, दुसऱ्याचा कोड वाचणं मोठा. ज्याला शोधाशोध करायला आवडत नाही, त्याला हे काम जड जातं.

आधीचं काम वाया जातं का?

मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती. पाच वर्षं फॉर्म भरण्यात गेली, आता शून्यापासून सुरुवात. प्रत्यक्षात तसं झालं नाही.

एक उदाहरण देतो. आपल्याकडे लोक मराठी कीबोर्ड वापरतात, त्यामुळे वयाच्या रकान्यात बरेच जण '२५' देवनागरीत टाकतात. जावास्क्रिप्ट नावाची भाषा, जी प्रत्येक ब्राउझरमध्ये चालते, तिला देवनागरी २५ दिलं तर ती म्हणते ही संख्याच नाही. पायथॉन नावाच्या भाषेला तेच २५ दिलं तर ती निमूट पंचवीस समजते. पुस्तकातून शिकलेल्या पोराला हा फरक माहीत असेलच असं नाही. मला मात्र तो लगेच कळला, कारण समोरची आजी 'फॉर्म पुढे जात नाही' म्हणते तेव्हा त्यामागे काय असतं, हे मी शेकडो वेळा बघितलं होतं.

अजून एक. 'मोहाडी' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू तीन. कॉम्प्युटर म्हणतो सहा, कारण म, ओकार, ह, काना, ड आणि वेलांटी हे सगळं तो वेगवेगळं मोजतो. युटीएफ-८ या पद्धतीने साठवलं तर यातल्या प्रत्येकाला तीन बाईट लागतात, म्हणजे एकूण अठरा. जुन्या सिस्टीममध्ये रकान्याची मर्यादा बाईटमध्ये ठरवलेली असली, तर लांब मराठी नाव मधेच कापलं जातं. एसएमएसचंही तसंच आहे. इंग्रजी अक्षरांचा एक मेसेज १६० पर्यंत जातो, मराठी असला की मर्यादा ७० वर येते. पतसंस्थेने सभासदांना नव्वद अक्षरांचा मराठी मेसेज पाठवला तर प्रत्येकामागे दोन मेसेजचे पैसे लागतात. हे मी आमच्या कंपनीत रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं आणि आम्ही मेसेजचा मजकूर आखूड केला. त्यासाठी काही मोठं ज्ञान लागलं नव्हतं, फक्त माणसं कशी वागतात हे माहीत हवं होतं.

तेव्हा तुम्ही राइस मिलमध्ये हिशोब लिहीत असाल, दवाखान्यात केसपेपर काढत असाल, कुरिअर पोहोचवत असाल, तर ते काम नीट लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर शेवटी अशाच कुठल्यातरी कामासाठी बनतं.

महाराष्ट्रातलं सगळ्यांना माहीत झालेलं उदाहरण म्हणजे बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत. शेतकरी घरातला हा मुलगा आयटीआय करून पुण्याला गेला. इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये त्यांना महिना ९,००० रुपयांचं काम मिळालं: साफसफाई, पाहुण्यांना चहापाणी. आतले लोक स्क्रीनसमोर बसून करतात ते काम आपल्याला कसं करता येईल, असं त्यांनी तिथल्याच लोकांना विचारलं. पदवी लागते, असं उत्तर मिळालं. पण डिझाईन आणि ॲनिमेशनमध्ये पदवीपेक्षा हातातलं काम बघतात, हेही कळलं. ते तिकडून शिरले. पुढे हैदराबादला काम करता करता पायथॉन आणि सी प्लस प्लस शिकले, आणि डिझाईनचे तयार नमुने देणारं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवलं. कोविडच्या काळात गावी परतल्यावर नेटवर्क मिळावं म्हणून डोंगरावरच्या गोठ्यात बसून त्यांनी काम केलं, हे तर बातम्यांत बरंच गाजलं.

मला या गोष्टीतला गोठा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. साफसफाईवरून ते थेट कोडिंगवर गेले नाहीत. आधी डिझाईन शिकले, त्यावर पोट चालवलं, डिझाईनच्या कामात काय काय पुन्हा पुन्हा करावं लागतं हे बघितलं आणि मग तेच काम सोपं करणारा कोड लिहिला. उडी छोटी होती, आणि ती ओळखीच्या जमिनीवरून मारलेली होती. बातम्यांमध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात.

वयाचं म्हणाल तर फ्रीकोडकॅम्प ही मोफत कोडिंग शिकवणारी वेबसाईट २०१४ साली सुरू करणारे क्विन्सी लार्सन स्वतः आधी शाळा चालवायचे आणि तिशी ओलांडल्यावर कोडिंग शिकले. सत्तावीस-अठ्ठावीस म्हणजे उशीर झाला, असं मला विचारणारी पोरं म्हणतात. भरतीच्या वयोमर्यादेची इतकी सवय झाली आहे आपल्याला!

फक्त फोनवर शिकता येईल?

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवरच वाचताय, म्हणून सरळ सांगतो. सुरुवात होते, शेवट होत नाही.

फोनवर काय काय जमतं? व्हिडिओ बघणं आणि वाचणं तर जमतंच. अँड्रॉइडवर पायड्रॉइड नावाचं ॲप आहे, त्यात पायथॉनचा कोड लिहून तिथेच चालवता येतो. गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे कोड गुगलच्या कॉम्प्युटरवर चालतो, फोन साधा असला तरी फरक पडत नाही. टर्मक्स नावाचं ॲप तर फोनलाच छोटासा लिनक्स कॉम्प्युटर बनवतं. सर्व्हरवर ज्या कमांड वापरतात, त्यातल्या कितीतरी तुम्ही बसमध्ये बसून शिकू शकता. मी पहिले पाच महिने असेच काढले. ग्राहक नसला की फोन हातात.

अडचण टायपिंगची आहे. कोडमध्ये कंस, अवतरणचिन्हं, अर्धविराम सारखे लागतात आणि फोनच्या कीबोर्डवर दर वेळी चिन्हांच्या पानावर जावं लागतं. ओटीजी केबल घेऊन त्याला साधा यूएसबी कीबोर्ड जोडला की हा त्रास निम्म्यावर येतो. तरीही वेबसाईट बनवताना ब्राउझरच्या आत डोकावून चूक शोधायची जी साधनं असतात, ती फोनमधल्या क्रोममध्ये थेट मिळत नाहीत. एकावेळी चार फाईली उघड्या ठेवून काम करणं सहा इंचाच्या पडद्यावर अशक्य. सहा महिने टिकलात की लॅपटॉप घ्या, त्याआधी घेऊ नका. माझ्या ओळखीच्या दोघांनी आधी हप्त्यावर भारी लॅपटॉप घेतला, आणि आता त्यावर फक्त सिनेमे बघतात.

नवाच पाहिजे असं नाही. मी नागपूरहून जुना, कंपनीतून निघालेला लॅपटॉप साडेचौदा हजारांना आणला. घेताना दोनच गोष्टी बघा: रॅम ८ जीबी असावी आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. प्रोसेसर चार-पाच वर्षं जुना असला तरी शिकायला पुरतो. विंडोज रडत असेल तर लिनक्स टाका, फुकट आहे. नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्या. व्हिडिओ ४८०पीवर बघितला तर रोजच्या दीड-दोन जीबीत भागतं.

शिकायचं कुठून? आणि इंग्रजीचं काय?

इंग्रजीची धास्ती आधी काढू. पायथॉनमध्ये राखीव शब्द एकूण ३५ आहेत. इफ, एल्स, फॉर, व्हाईल असे. पस्तीस शब्द पाठ करायला डी.एड. लागत नाही. कोडमध्ये तुम्ही स्वतः जी नावं देता ती तर पायथॉनमध्ये चक्क मराठीतही चालतात, कामावर कुणी तसं करत नाही एवढंच. खरं इंग्रजी लागतं ते चुकीचा संदेश वाचायला. कोड चालला नाही की लाल अक्षरात सात-आठ ओळी येतात आणि नवशिका माणूस घाबरून खिडकीच बंद करतो. पायथॉनमध्ये त्या गठ्ठ्यातली शेवटची ओळ आधी वाचायची. बहुतेक वेळा काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि त्याच्या वर कितव्या ओळीत बिघडलं तो आकडा असतो. एवढी एक सवय लागली की अर्धं इंग्रजी येतं.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प जरूर बघा. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या पैशावर उभा केलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि पायथॉन, सी, जावा, लिनक्स अशा बऱ्याच विषयांचे धडे मराठी आवाजात मिळतात. पद्धत अशी की अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्या पडद्यावर तुम्ही तेच करून बघायचं. आवाज थोडा कोरडा आहे, काही धडे जुने झालेत, पण दहा मिनिटांत एकच गोष्ट आणि ती करूनच पुढे जायचं, ही शिस्त मला कुठल्याच महागड्या कोर्समध्ये दिसली नाही. इंग्रजी थोडंफार समजत असेल तर एनपीटीईएलवर आयआयटी वगैरेंच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. फ्रीकोडकॅम्पही पूर्ण मोफत.

'कोणती भाषा आधी?' यावर लोक महिनोन्महिने घालवतात. वेबसाईट-ॲप करायचं असेल तर जावास्क्रिप्ट, बाकी काहीही असेल तर पायथॉन, आणि एकदा ठरलं की सहा महिने बदलायचं नाही. विषय संपला.

आता वेळेचं गणित. फ्रीकोडकॅम्पने आपल्या एकेका प्रमाणपत्राला साधारण ३०० तास धरले होते. मी पहाटे पाच ते सात बसायचो, आठवड्यातून सहा दिवस. म्हणजे आठवड्याला बारा तास. ३०० भागिले १२, पंचवीस आठवडे. एका प्रमाणपत्राला जवळपास सहा महिने, आणि नोकरीला एक प्रमाणपत्र पुरत नाही. त्यात रोवणीचे पंधरा दिवस गेले, मळणीचे गेले, बहिणीच्या लग्नाचा महिना गेला. दोन वर्षं चार महिने कुठे गेले ते आता कळलं असेल. ९० दिवसांत हे करायचं म्हटलं तर रोज दिवसभर बसावं लागतं, आणि दिवसभर बसायचं म्हणजे तीन महिने घरातल्या कुणीतरी तुम्हाला पोसायचं.

घरच्यांना काय सांगायचं?

सेवा केंद्रावर मला महिना साडेआठ हजार मिळायचे. कमी होते, पण दर महिन्याला मिळायचे. बाबा धानाची शेती करतात, त्यांना नियमित येणाऱ्या पैशाची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. ते म्हणाले, "लोकायले कागद त लागतेच नं बाबू. मंग हे चालतं काम काहून सोडतो?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून मी काम सोडलंच नाही. नागपूरचं ऑफर लेटर हातात आलं, त्यानंतर पंधरा दिवसांनी सोडलं. तुम्हालाही हेच सांगेन: चालू काम सोडून शिकायला बसू नका. 'मागे दोर कापले की माणूस लढतो' हे इतिहासात छान वाटतं, पण घरभाडं आणि किराणा त्या न्यायाने चालत नाही. आणि पैशाची चिंता डोक्यात असली की कोड सुचत नाही, हा माझा अनुभव आहे.

पहिला पगार १५,००० होता. नागपूरला खोली, मेस, आठवड्याला घरी येणं-जाणं वजा केलं तर सेवा केंद्रापेक्षा हातात फार काही जास्त उरायचं नाही. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, गाडी पकडायची, रविवारी रात्री परत. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी पगार वाढला आणि आता आठवड्यातले तीन दिवस मी मोहाडीतूनच काम करतो. ज्यांच्या डोक्यात पहिल्याच दिवशी लाखभर पगार आहे, त्यांना एक आकडा सांगतो. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये इंजिनिअर झालेल्या फ्रेशरलाही कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासचं वार्षिक पॅकेज मिळत आलं आहे. महिन्याला साधारण अठ्ठावीस-तीस हजार, तेही कपातीच्या आधी.

नोकरी मिळते का, खरं सांगा

नागपुरात मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्या आहेत, शहरात पर्सिस्टंट आहे. पण बी.ए.वाल्याला या दारातून थेट जाता येत नाही. त्यांच्या फ्रेशर भरतीत पदवीची शाखा आणि टक्के आधीच विचारतात. तिथे कोड दाखवायची पाळीच येत नाही. ज्यांचं वय कमी आहे त्यांना रस्ते आहेत. बारावीला गणित असेल तर एचसीएलचा टेकबी हा कार्यक्रम आहे. फी आणि अटी नीट वाचूनच जा. बारावी कुठल्याही शाखेतून झाली असली तरी इग्नूतून बीसीए करता येतं, नोकरी सांभाळून. नंतर कुठल्यातरी मोठ्या कंपनीने पदवी मागितली तर ती हाताशी असते.

माझ्यासारख्यांना दार उघडतं ते छोट्या कंपन्यांचं. पाच-पंचवीस माणसांची ऑफिसं, स्थानिक व्यापारी, शाळा, पतसंस्था, दवाखाने यांना सॉफ्टवेअर देणारी. तिथे विचारतात, 'काय बनवलंय ते दाखव'. मी दाखवलं ते अगदी साधं होतं: कोणत्या दाखल्याला कोणती कागदपत्रं लागतात ते सांगणारं एक पान. नॉन-क्रिमीलेयर निवडलं, दोन प्रश्नांची उत्तरं दिली की यादी समोर. ही माहिती मला तोंडपाठ होती. आमच्या केंद्रावर येणारी माणसं ते पान फोनवर उघडून घरूनच सगळे कागद घेऊन यायला लागली. कोड गिटहबवर ठेवला होता. मुलाखतीत पाऊण तास त्याच एका पानावर बोलणं झालं, कारण ते पान खरी माणसं वापरत होती आणि ती कुठे अडतात हे मला सांगता येत होतं. यूट्यूब बघून बनवलेली शॉपिंग वेबसाईट दहातले नऊ उमेदवार घेऊन येतात. ती बघून समोरच्याला काही कळत नाही.

बाजार मात्र सध्या कडक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. टीसीएसची एकूण माणसं २०२३-२४ या एका वर्षात १३ हजारांहून जास्त घटली, आणि २०२५च्या जुलैमध्ये कंपनीने आणखी सुमारे १२ हजार जणांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून 'एआय कोड लिहितं, मग आपण कशाला शिकायचं?' हाही प्रश्न आहे. मी रोज एआय वापरतो. जे काम नवशिक्याला दोन दिवस द्यायचो, ते आता दोन मिनिटांत होतं, त्यामुळे नवशिक्यांसाठीच्या जागा कमी झाल्या आहेत हे मला डोळ्यांनी दिसतं. पण एआयने लिहिलेला फॉर्म मी आमच्याकडच्या माणसासारखा भरून बघतो. वय देवनागरीत टाकतो. आडनाव रिकामं ठेवतो, कारण कागदोपत्री एकच नाव असलेली माणसं मी बघितली आहेत. जन्मतारीख '१ जानेवारी' टाकतो, कारण जुन्या कित्येक माणसांची तीच नोंदलेली असते आणि त्यांना डुप्लिकेट समजून अडवता कामा नये. पहिल्या फटक्यात सगळं पार होणारा फॉर्म मला अजून मिळालेला नाही. ज्याला कोड वाचता येतो तो हे पकडून दुरुस्त करतो. ज्याला फक्त एआयला सांगता येतं, त्याला काय बिघडलंय तेच कळत नाही.

पैसे मागितले की थांबा

माझ्या ओळखीच्या एका पोराला फोन आला: 'आधी शिका, नोकरी लागल्यावर फी द्या.' आधार, पॅन, ओटीपी घेतला. त्याला वाटलं ॲडमिशन झाली. प्रत्यक्षात त्याच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं गेलं होतं. संस्थेला पैसे एकदम मिळाले आणि हप्ते याच्या नावावर चालू झाले. शिकवणं दोन महिन्यांत थंडावलं, हप्ते थंडावले नाहीत. 'नो कॉस्ट ईएमआय' असे शब्द आले की समजून घ्या, तिथे कर्ज आहे. करार पूर्ण वाचल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खोटं ऑफर लेटर. मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, पगाराचा आकडा आणि खाली 'लॅपटॉपसाठी परत मिळणारी अनामत ४,९९९ रुपये'. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मग सुरुवात कशी करू?

कोर्स शोधण्याआधी हे करून बघा, फोनवर, फुकट. पायड्रॉइड टाका आणि धानाचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहा. पोती किती ते विचारायचं, एका पोत्यात ४० किलो धरायचे, त्याचे क्विंटल करायचे आणि भावाने गुणायचं. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. ४५ पोती टाकली तर १८ क्विंटल आणि ४२,६४२ रुपये आलं पाहिजे. एवढं जमायला तुम्हाला तीन-चार संध्याकाळी लागतील.

जमलं की तो फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि वापरायला सांगा. काही समजावू नका. कुणी 'पंचेचाळीस' असं अक्षरांत लिहील, कुणी 'साडेचार' लिहील, कुणी रकाना रिकामाच ठेवेल, आणि तुमचा प्रोग्रॅम बंद पडेल. आता ते एकेक दुरुस्त करायला बसा. रात्रीचे अकरा वाजले तरी उठावंसं वाटत नसेल, तर मला पुढचा मेसेज करा.